गाईच्या जीनोममधले मोठे फेरबदल कसे शोधायचे: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

काही गाईंना जन्मापासूनच शिंगं नसतात. अँगस जातीत याचं कारण शोधायला गेलं, तर पहिल्या गुणसूत्रावर डीएनएच्या २१२ अक्षरांचा एक तुकडा दोनदा आलेला दिसतो आणि तिथलीच १० अक्षरं नाहीशी झालेली असतात. बिनशिंगी होल्स्टीनमध्ये बहुधा वेगळीच गोष्ट दिसते: त्याच भागात सुमारे ८० हजार अक्षरांची आणखी एक प्रत. मंगोलियातल्या बिनशिंगी गुरांत तिसराच बदल आहे, २१९ अक्षरांचा. बाहेरून तिन्ही जनावरं सारखीच बिनशिंगी, आतली घडण मात्र तीन तऱ्हेची. डीएनएमधला एकेका अक्षराचा फरक मोजणाऱ्या नेहमीच्या पद्धतीला यातलं काहीच थेट दिसत नाही. म्हणून हा वेगळा अभ्यास.

जीनोममध्ये, म्हणजे जनावराच्या सगळ्या डीएनएत, साधारण ५० अक्षरांहून मोठा तुकडा गळला, वाढला, उलटा बसला किंवा दुसरीकडे गेला, की त्याला संरचनात्मक बदल म्हणतात. प्रयोगशाळेत सगळे ‘एसव्ही’च म्हणतात, इथेही तोच शब्द वापरतो. ५० चा आकडा निव्वळ सोयीचा आहे. बेल्जियन ब्लू गाईचे ते भरदार दुहेरी स्नायू मायोस्टॅटिन जनुकातली फक्त ११ अक्षरं गळल्यामुळे येतात. व्याख्येनुसार ते एसव्हीत बसत नाही, पण परिणाम डोळ्यांत भरणारा आहे.

कामाला लागण्यापूर्वी गुरांमधली चार-पाच गाजलेली उदाहरणं मनात पक्की करून ठेवा. पुढे आपल्या पद्धतीला काय दिसलं आणि काय निसटलं, हे तपासायला तीच उपयोगी पडतात. नॉर्डिक रेड गुरांत बाराव्या गुणसूत्रावर ६ लाख ६० हजार अक्षरांचं डिलीशन, म्हणजे गळती, आहे. आई-बापांकडून आलेल्या दोन्ही प्रती तशा असल्या तर गर्भ जगत नाही, पण एकच प्रत असलेली गाय दूध जास्त देते, म्हणून हा दोष कळपात टिकून राहिला. होल्स्टीनमधल्या कोलेस्टेरॉलच्या कमतरतेच्या रोगात एपीओबी जनुकात विषाणूसारखा १३०० अक्षरांचा तुकडा घुसलेला असतो. बेल्टेड गॅलोवेच्या पोटावरचा पांढरा पट्टा तिसऱ्या गुणसूत्रावरच्या ६ हजार अक्षरांच्या तुकड्याच्या जादा प्रतींमुळे येतो. पाठीवर पांढरा पट्टा आणि अंगाच्या दोन्ही बाजूंना रंग, अशा काही जातींत सहाव्या गुणसूत्रावरच्या केआयटी जनुकाच्या तुकड्याची आणखी एक प्रत २९व्या गुणसूत्रावर जाऊन बसली आहे. हे २०१२ साली उलगडलं. आणि १९६४ मध्ये स्वीडनमधल्या गुरांत सापडलेलं पहिल्या व २९व्या गुणसूत्रांचं जोडलं जाणं, ज्याने ६० ऐवजी ५९ गुणसूत्रं मोजली जातात आणि प्रजननक्षमता घटते.

हे शेवटचं उदाहरण मुद्दाम दिलं. जोड गुणसूत्रबिंदूजवळच्या, हजारो वेळा तेच तेच अक्षरसमूह असलेल्या भागात होतो, त्यामुळे छोट्या रीड्सच्या (यंत्राने एका वेळी वाचलेल्या डीएनएच्या तुकड्यांच्या) सिक्वेन्सिंगमधून तो हाती लागत नाही. त्यासाठी आजही सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं मोजावी लागतात. कोणतं हत्यार कुठे चालत नाही, हे पहिल्या दिवशीच माहीत असलेलं बरं.

पायरी १: जनावरं निवडणं

दोन जातींची तुलना करायची असेल तर प्रत्येक जातीतली, एकमेकांशी जवळचं नातं नसलेली जनावरं घ्या. गुरांत हे वाटतं तितकं सोपं नाही. कृत्रिम रेतनामुळे एकाच नामांकित वळूची शेकडो वासरं वेगवेगळ्या गोठ्यांत असतात. गोठे वेगळे म्हणजे नाती वेगळी, असं धरून चालू नका. वंशावळ मागा, निदान तीन पिढ्यांची.

दुसरं, एक तरी त्रिकूट घ्या: वळू, गाय आणि त्यांचं वासरू. वासरात दिसलेला एसव्ही दोघांपैकी एकातही नसेल, तर जवळजवळ नेहमी ती आपल्या पद्धतीची चूक असते. आपल्याच माहितीवर चुकीचं प्रमाण काढायचा याहून स्वस्त मार्ग मला माहीत नाही, आणि नवखे लोक हाच खर्च वाचवायला बघतात.

पायरी २: नमुना

रक्त ईडीटीएच्या नळीत घ्या. हेपॅरिनच्या नळीतल्या रक्ताने पुढे पीसीआर, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढणं, अडतो. वीर्यमात्रेतून डीएनए काढणार असाल तर डीटीटी (बंध तोडणारं रसायन) घालायला विसरू नका, कारण शुक्रपेशींतला डीएनए गंधकाच्या बंधांनी घट्ट आवळलेला असतो आणि नेहमीच्या द्रावणाने तो सुटत नाही. लांब रीड्स हव्या असतील तर नळी जोरजोरात हलवू नका, रुंद तोंडाच्या टिप वापरा आणि नमुना पुन्हा पुन्हा गोठवू-वितळवू नका.

रक्ताबद्दल मात्र थोडं थांबून सांगावंसं वाटतं, कारण मी स्वतः त्यात ठेचकाळलो आहे.

सुरुवातीच्या एका कामात एका कालवडीच्या माहितीत वाय गुणसूत्राच्या रीड्स दिसल्या. थोड्याच, पण स्पष्ट. नळ्यांची अदलाबदल झाली असं समजून आम्ही आठवडाभर नोंदवह्या तपासल्या, दुसऱ्यांदा डीएनए काढला, पुन्हा तेच. त्याच जनावरात कित्येक डिलीशनसुद्धा विचित्र होती: एका प्रतीत गळती असेल तर रीड्स निम्म्यावर यायला हव्यात, इथे त्या पाऊणवर येऊन थांबत होत्या. शेवटी गोठ्यात फोन केला आणि एका वाक्यात उलगडा झाला: ही जुळ्यातली, हिच्याबरोबर गोऱ्हा जन्मला होता. गाईच्या जुळ्यांत गर्भाशयातच दोघांच्या रक्तवाहिन्या जोडल्या जातात आणि रक्त तयार करणाऱ्या पेशींची देवाणघेवाण होते. अशी कालवड बहुतेक वेळा वांझ निघते, तिला फ्रीमार्टिन म्हणतात, आणि तिच्या रक्तात जन्मभर भावाच्या पेशी राहतात. आम्ही एका नळीत दोन जनावरं वाचत होतो. शेपटीच्या केसांच्या मुळांतून डीएनए घेतला आणि सगळं सरळ झालं. तेव्हापासून नमुन्याच्या अर्जावर ‘जुळं आहे का?’ हा प्रश्न मी सगळ्यात वर ठेवतो.

रक्ताची आणखी एक खोडी. गाईच्या लाल पेशींत केंद्रक नसतं, म्हणजे डीएनए येतो पांढऱ्या पेशींतून, आणि गाईत त्यांत लिम्फोसाइटच अधिक असतात. टी-पेशी घडताना आपल्या ग्राहक जनुकांचे तुकडे स्वतःच कापून जोडतात. परिणामी दहाव्या आणि चौथ्या गुणसूत्रावर ठरावीक ठिकाणी, जवळजवळ प्रत्येक रक्तनमुन्यात, मोठं डिलीशन असल्यासारखं दिसतं. तो वारशाने आलेला बदल नाही. त्याच वळूच्या वीर्यातून काढलेल्या डीएनएत ते दिसणार नाही.

पायरी ३: माहिती कोणत्या प्रकारची

एसएनपी चिप (एकेका अक्षराचे ठरावीक फरक तपासणारी), छोट्या रीड्स, लांब रीड्स, असे तीन पर्याय.

गुरांची दाट चिप ७ लाख ७७ हजार जागा तपासते. त्या जागांवरच्या चमकेच्या तीव्रतेवरून प्रती किती हे पेनसीएनव्हीसारखं सॉफ्टवेअर ताडतं. हजारो जनावरांची चिपमाहिती आधीच हाताशी असेल तर सुरुवात इथून करा, पण मोठ्याच गोष्टी मिळतील हे गृहीत धरा आणि कडा नेमक्या कुठे आहेत हे चिपला विचारू नका. बिनशिंगी गाईतला २१२ अक्षरांचा तुकडा तिला दिसायचा नाही.

छोट्या रीड्स म्हणजे १५० अक्षरांच्या जोड्या. गाईचा जीनोम सुमारे २७० कोटी अक्षरांचा आहे. ३० पट खोली हवी, म्हणजे प्रत्येक अक्षर सरासरी ३० वेळा वाचलं जायला हवं, तर साधारण ५४ कोटी रीड्स लागतात. डिलीशनसाठी हे उत्तम चालतं. लायब्ररी (वाचण्यासाठी तयार केलेले डीएनएचे तुकडे) शक्यतो पीसीआरशिवाय बनवा, नाहीतर जी आणि सी ही अक्षरं जास्त असलेल्या भागात खोली खालीवर होते आणि तीच प्रतींचा फरक म्हणून समोर येते.

लांब रीड्समध्ये हायफाय १५-२० हजार अक्षरांच्या आणि अतिशय अचूक असतात, नॅनोपोअरच्या त्याहून लांबही मिळतात. इन्सर्शन शोधायची असतील तर पर्यायच नाही: १५० अक्षरांच्या रीडमध्ये १३०० अक्षरांचा घुसलेला तुकडा मावणार कुठे? पैसे मर्यादित असतील तर प्रत्येक जातीतली दोन-तीन जनावरं लांब रीड्सनी करा, बाकीची छोट्या रीड्सनी. लांब रीड्समधून बदलांची यादी मिळते, छोट्या रीड्समधून ते बदल किती जनावरांत आहेत हे कळतं.

पायरी ४: संदर्भ जीनोम

रीड्स ज्यावर बसवून ताडायच्या तो संदर्भ जीनोम म्हणून बहुतेक सगळे एआरएस-यूसीडी १.२ किंवा त्याच्या पुढच्या आवृत्त्या वापरतात. १.२ ही आवृत्ती २०१८ ची. हा जीनोम डॉमिनेट नावाच्या एका हेरफर्ड गाईचा आहे. यातून तीन गोष्टी निघतात.

ती गाय होती, वळू नव्हता. त्यामुळे १.२ मध्ये वाय गुणसूत्र नाही. वळूंचा अभ्यास असेल तर वाय दुसरीकडून जोडून घ्यावा लागतो, नाहीतर वायच्या रीड्स मिळत्याजुळत्या भागांवर जाऊन बसतात आणि तिथे खोटी वाढ दाखवतात.

ती एकच गाय होती. तुमच्या सगळ्या जातींच्या सगळ्या जनावरांत एखादं डिलीशन दोन्ही प्रतींत दिसलं, तर तुमच्या जनावरांचं काही गळलेलं नाही. डॉमिनेटकडे काहीतरी जास्तीचं होतं, किंवा तिथे जुळणी चुकली आहे. असे बदल वेगळ्या यादीत काढा.

आणि ती युरोपीय वंशाची होती. वशिंडाच्या गाई आणि बिनवशिंडाच्या गाई यांचे पूर्वज माणसाळण्याच्याही कितीतरी आधी वेगळे झाले होते. वशिंडाच्या गाईच्या रीड्स हेरफर्डवर बसवल्या की जिथे अक्षरं फारच वेगळी आहेत तिथे रीड्स बसतच नाहीत. नकाशावर खड्डा दिसतो, सॉफ्टवेअर डिलीशन म्हणतं, प्रत्यक्षात तुकडा जागेवर असतो, फक्त ओळखू येत नाही. ब्राह्मन जातीचा चांगल्या दर्जाचा जीनोम २०२० मध्ये प्रसिद्ध झाला आहे. वशिंडाच्या जातींवर काम असेल तर त्याच रीड्स दोन्ही जीनोमांवर बसवून पाहा. हेरफर्डवर दिसणारा आणि ब्राह्मनवर न दिसणारा खड्डा खरंच दोन वंशांतला फरक आहे की नुसती न ओळखण्याची अडचण, हे दोन्ही जीनोम एकमेकांशेजारी ठेवल्यावरच कळतं.

पायरी ५: रीड्स बसवणं

ही पायरी ठरलेली आहे. छोट्या रीड्ससाठी बीडब्ल्यूए-मेम, लांबसाठी मिनिमॅप, मग सॅमटूल्सने क्रम लावणं आणि दुबार रीड्सवर खूण करणं. पुढे जाण्याआधी प्रत्येक नमुन्याची सरासरी खोली, जोडीतल्या अंतराचं वितरण आणि लिंग तपासा. गाईत एक्स गुणसूत्राची खोली इतर गुणसूत्रांइतकी, वळूत निम्मी. हे न तपासता पुढे गेलात तर वळूचं अख्खं एक्स गुणसूत्र तुम्हाला डिलीशन म्हणून सापडेल.

पायरी ६: शोधणारं सॉफ्टवेअर

सगळी सॉफ्टवेअर चार पुराव्यांवर चालतात: रीड्सची खोली कमी-जास्त होणं, जोडीतल्या दोन रीड्समधलं अंतर किंवा दिशा चुकणं, एकच रीड तुटून दोन ठिकाणी बसणं, आणि त्या भागाची नव्याने जुळणी करून संदर्भाशी ताडणं. मान्टा, डेली आणि लम्पी ही यातल्या मधल्या दोन पुराव्यांवर भर देतात. सीएनव्हीनेटर फक्त खोली पाहतं, म्हणून मोठ्या प्रतीफरकांना ते चांगलं. लांब रीड्ससाठी स्निफल्स किंवा क्यूटएसव्ही.

निदान दोन वेगळ्या तत्त्वांची सॉफ्टवेअर चालवा. पण ‘दोघांनाही सापडलं तेच खरं’ असा सरसकट नियम करू नका. सीएनव्हीनेटरला ५०० अक्षरांचं डिलीशन सहसा दिसत नाही आणि मान्टाला पुनरावृत्तीच्या भागातली ८० हजारांची प्रत निसटू शकते. अशा ठिकाणी एकाचीच साक्ष पुरेशी असू शकते.

पायरी ७: डोळ्यांनी बघणं

या कामात खरं शिक्षण इथे होतं. यादीतली प्रत्येक ओळ हा फक्त दावा असतो. रीड्स पडद्यावर दाखवणारं आयजीव्ही उघडा आणि पहिले शंभर बदल एकेक करून बघा. कंटाळवाणं आहे, पण शंभर झाल्यावर नजर तयार होते.

खरं डिलीशन कसं दिसतं ते एका ओळखीच्या बदलावर शिका. होल्स्टीनमध्ये २१व्या गुणसूत्रावर एफएएनसीआय जनुकात ३३०० अक्षरांचं डिलीशन आहे. दोन्ही प्रती तशा असतील तर बहुतेक गर्भ लवकरच जातात. क्वचित पूर्ण दिवस भरले तर आखूड मणक्याचं मेलेलं वासरू जन्मतं. एकच प्रत असलेलं वाहक जनावर ठणठणीत असतं. अशा वाहक वळूची माहिती घ्या आणि खिडकी १० हजार अक्षरांची ठेवा. डावीकडून खोली तिसाच्या आसपास येते, एका ठिकाणी पायरी उतरावी तशी पंधरावर पडते, ३३०० अक्षरं तशीच राहते आणि पुन्हा एका पायरीत तिसावर चढते. खाली काही जोड्या लाल दिसतात: लायब्ररीत दोन टोकांचं अंतर सुमारे ४०० होतं, इथे ते ३७०० दिसतं, कारण मधला तुकडा त्या प्रतीत नाहीच. पायरीच्या अगदी कडेला काही रीड्सची शेपटी रंगीबेरंगी असते, म्हणजे ती तिथे जुळत नाही. ती शेपटी उचलून शोधली तर दुसऱ्या पायरीपाशी अक्षरन् अक्षर जुळते. आणि त्या पंधराच्या पट्ट्यात एकाही जागी दोन वेगळी अक्षरं निम्मी-निम्मी दिसत नाहीत, कारण तिथे एकच प्रत उरली आहे.

ही शेवटची खूण नवखे लोक पाहत नाहीत, आणि ती फार कामाची आहे. ‘डिलीशन’च्या आत निम्मी-निम्मी अक्षरं असलेल्या जागा दिसल्या, तर दोन्ही प्रती तिथे आहेत आणि डिलीशन खोटं आहे. जादा प्रत असेल तर हेच प्रमाण एकास दोन होतं.

खोट्याची लक्षणंही सांगतो. खोली पायरीऐवजी उतारासारखी उतरते. रीड्स पोकळ, फिक्या दिसतात, म्हणजे त्या अनेक ठिकाणी बसू शकतात. शेजारीच खोलीचा उंच सुळका असतो. गंधग्राहक जनुकं, २३व्या गुणसूत्रावरचा रोगप्रतिकाराचा बोला भाग, गर्भारपणातल्या प्रथिनांची जनुकं, या गुरांतल्या मोठ्या जनुककुटुंबांत असं चित्र वारंवार दिसेल. तिथले प्रतीफरक खरेही असतात, पण छोट्या रीड्सवरून त्यांचा आकडा छापू नका.

पायरी ८: एकत्र करणं आणि पुन्हा मोजणं

प्रत्येक जनावराची यादी वेगळी निघते आणि एकाच बदलाच्या कडा दहा-वीस अक्षरांनी पुढेमागे असतात. सर्व्हायव्हर किंवा जास्मिन वापरून त्या एकत्र करा. त्यानंतर प्रत्येक बदल प्रत्येक जनावरात नव्याने मोजा. ग्राफटायपर हे काम करतं. ही पायरी गाळली की एक मोठी चूक होते: एखाद्या जनावराच्या यादीत बदल नाही म्हणजे तो त्याच्यात नाहीच, असं आपण धरतो. खोली कमी असेल तर तो नुसता निसटलेला असू शकतो.

पायरी ९: जातींची तुलना

प्रत्येक बदलाचं प्रत्येक जातीतलं प्रमाण काढा. प्रतींचा आकडा दोनापेक्षा जास्त जाणाऱ्या ठिकाणी व्हीएसटी हे माप वापरतात. एकूण फरकापैकी किती वाटा दोन जातींमधला आहे, हे ते सांगतं.

इथे कळकळीने एक सांगतो. एक जात एका प्रयोगशाळेत आणि दुसरी जात दुसऱ्या प्रयोगशाळेत वाचलेली असेल, रीड्सची लांबी वेगळी असेल, एकीकडे पीसीआर केलेला असेल आणि दुसरीकडे नसेल, तर तुम्हाला जातींमधले शेकडो ‘ठळक’ फरक मिळतील आणि त्यातले बरेचसे प्रयोगशाळांमधले असतील. दोन्ही जातींचे नमुने मिसळून एकाच खेपेत वाचून घ्या. जुनीच माहिती वापरणं भाग असेल, तर एकाच जातीची दोन ठिकाणी वाचलेली जनावरं आधी एकमेकांशी ताडा. तिथे जे फरक निघतील ते जातींच्या यादीतून वजा करा.

पायरी १०: प्रयोगशाळेत खात्री

निवडक बदल पीसीआरने तपासा. डिलीशनसाठी तीन प्रायमर (पीसीआर कुठून सुरू व्हायचा ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) पुरतात: दोन कडांच्या बाहेर, एक आत. वरच्या ३३०० अक्षरांच्या उदाहरणात निर्दोष जनावरात बाहेरच्या दोघांमधलं अंतर इतकं मोठं असतं की कमी वेळाच्या चक्रात तो तुकडा वाढत नाही, फक्त आतल्या प्रायमरचा पट्टा येतो. वाहकात दोन पट्टे येतात. जादा प्रतींसाठी प्रती मोजणारा क्यूपीसीआर किंवा ड्रॉपलेट पीसीआर, आणि सोबत प्रती नक्की दोनच असलेलं एखादं जनुक.

जेलवर दोन पट्टे आले की ज्याचं जनावर आहे त्याला निकाल कळवा, आणि कळवताना हेही सांगा की वाहक गाय निरोगी आहे, तिला काढून टाकायची गरज नाही. तिला फक्त वाहक वळूची रेतमात्रा देऊ नका. दोन वाहकांच्या संकरात दर चार गर्भांमागे सरासरी एक जातो. वळू निर्दोष असेल तर एकही त्या कारणाने जात नाही, आणि निम्मी वासरं तर वाहकही नसतात.